मठाचे माप

जळगाव-धुळ्याकडच्या मुलामुलींना संख्याशास्त्र आणि व्यवसायातील आकडेवारीचे विश्लेषण शिकायचे असेल, तर आज अभ्याससाहित्याची चणचण नाही, हे आधी मान्य करायला हवे. ‘आमच्याकडे काही मिळत नाही’ ही तक्रार पंचवीस वर्षांपूर्वी खरी होती. आता आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतात. २०१७ पासून केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे दालन आहे. २०२० मध्ये आयआयटी मद्रासने डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई लागत नाही, आणि परीक्षेपुरते केंद्रावर जायचे सोडले तर घर सोडावे लागत नाही. हेस्टी आणि टिब्शिरानी यांनी सहकाऱ्यांसोबत लिहिलेले या विषयाचे जगभर वापरले जाणारे पाठ्यपुस्तक लेखकांनीच विनामूल्य खुले केले आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली ‘आर’ ही संगणकभाषा कुणालाही उतरवून घेता येते, आणि जगभरच्या अभ्यासकांनी तिच्यासाठी लिहिलेली वीस हजारांहून अधिक पॅकेजेसही तशीच मोफत आहेत. इंग्रजीची धास्ती असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिस कॅल्कसारख्या साधनांचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात.

आकडेही कमी नाहीत. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ मराठीत काढते. त्यात तालुकावार पाऊस, पेरा, सिंचन, जनावरे, कारखाने, शाळा सगळे सापडते. बाजार समित्यांचे दर अ‍ॅगमार्कनेटवर दिसतात. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ मध्ये ‘ई-सांख्यिकी’ हे दालन उघडले. शिकण्याची साधने आणि शिकण्याजोगा माल दोन्ही हाताशी आहेत. तरीही खानदेशात आकडेवारीचा स्वतःच्या बुद्धीने विचार करणारी माणसे तयार होत आहेत असे दिसत नाही. प्रमाणपत्रे मात्र भरपूर दिसतात.

माझे म्हणणे असे की उणीव साहित्याची नाही, मंडळीची आहे. संख्याशास्त्र हा एकट्याने पुरता शिकता येणारा विषय नाही. त्यातली सूत्रे एकट्याला पाठ होतील, संगणकाकडून गणितेही करून घेता येतील. पण आकडा कुठून आला, तो कुणी मोजला, मोजताना काय सुटले आणि यातून काढलेला निष्कर्ष कुठपर्यंत ताणता येतो, हे शिकायला समोर दुसरे माणूस लागते. आपले उत्तर ऐकून ‘हे पटत नाही, पुन्हा बघ’ असे म्हणणारे. ते माणूस खानदेशात नेमाने भेटेल अशी जागा नाही. ती उभी करणे हे या भागाचे आजचे निकडीचे बौद्धिक काम आहे, असे मी मानतो. व्हिडिओंच्या आणखी एका यादीने ते होणार नाही.

या विषयाचा इतिहास याच बाजूने साक्ष देतो. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीतला नोकर. कंपनीला बार्ली आणि हॉप्स यांची प्रत पारखायची होती, आणि प्रयोगाचे नमुने तर मोजकेच असत, चार-पाच, फार तर दहा. तोवरचे संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी घडलेले. गॉसेट आपली अडचण घेऊन लंडनला कार्ल पिअर्सनच्या प्रयोगशाळेत गेला आणि १९०६-०७ च्या सुमारास तिथे राहून शिकला. पुढे १९०८ मध्ये त्याचा जो निबंध आला त्यातून आज प्रत्येक पदवीधर शिकतो ती ‘टी’ चाचणी निघाली. आपल्या कारखान्यातले रहस्य बाहेर जाईल ही भीती कंपनीला होती, म्हणून निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला गेला. यातला जो भाग मला महत्त्वाचा वाटतो तो असा: प्रश्न धंद्यातला होता, तो घेऊन जाणारा माणूस धंद्यातला होता, आणि कंपनीने त्याला अभ्यासकांच्या सहवासात राहण्यासाठी वेळ दिला. नुसती पुस्तके मागवून दिली असती तर गॉसेटला पिअर्सनची पद्धत कळली असती. ती आपल्या प्रश्नाला पुरत नाही हे कळण्यासाठी त्या लोकांमध्ये वावरावे लागले.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे, आणि ते खानदेशातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या आयुष्याला शिवते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून आल्यावर ते कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. पिकाचे उत्पन्न किती येईल याचा अंदाज तोवर नजरेने बांधला जाई. महसुली माणूस शेताकडे पाहून ‘इतके आणे पीक’ म्हणे आणि त्यावर सारी आकडेवारी उभी राही. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी त्याऐवजी यादृच्छिक पद्धतीने शेते निवडून, त्यात ठराविक मापाचा तुकडा आखून, तेवढेच पीक कापून वजन करण्याची पद्धत देशभर रुजवली. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस हेच काम वेगळ्या रीतीने करत होते. त्यांचे तुकडे लहान, अगदी काही फूट त्रिज्येचे. त्यावरून वाद झाला. लहान तुकड्याच्या कडेवरची ताटे आत धरायची की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत आत झुकतो. तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. म्हणून उत्पन्न फुगून दिसते, असे सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. महालनोबिस यांचाही मुद्दा पोकळ नव्हता: गावच्या सरकारी नोकराकडून मोठ्या तुकड्याचे काम करवून घेतले तर मोजणीच्या निष्ठेची खात्री काय? त्यापेक्षा शिकवून तयार केलेले स्वतंत्र पाहणीदार बरे.

दोघेही थोर, दोघेही देशभक्त, आणि दोघेही एकमेकांची चूक छापील शब्दांत दाखवत होते. १९३१ मध्ये महालनोबिसांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, १९४७ मध्ये कृषी सांख्यिकीची स्वतंत्र भारतीय संस्था निघाली. या संस्थांची अधिवेशने आणि नियतकालिके यांमुळे असे वाद खासगी भांडणे न राहता ज्ञान बनले. १९५४ साली पानसे-सुखात्मे यांचे शेतीक्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठीचे सांख्यिकी पद्धतींचे पुस्तक आले आणि पिढ्यान्‌पिढ्या कृषी महाविद्यालयांत वापरले गेले. पुस्तक आधी आणि मंडळी नंतर असा क्रम नव्हता. मंडळीत घासून निघालेले पुस्तकात उतरले.

आज साक्री किंवा पारोळा तालुक्यातल्या गावात पीक कापणी प्रयोग होतो तेव्हा हाच वारसा चालू असतो. कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक ठरलेल्या गटात जातात, दोरी लावून तुकडा आखतात, कापतात, वजन करतात. त्या वजनावर पीकविमा ठरतो. उंबरठा उत्पादन काढताना मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन त्यांची सरासरी जोखीमस्तराने गुणतात. यंदाचे सरासरी उत्पन्न त्याच्या खाली गेले तरच भरपाई. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर गावाच्या सवलती ठरतात. म्हणजे सरासरी, नमुना, त्रुटी, विचलन हे शब्द ज्यांनी कधी ऐकले नाहीत त्यांचे वर्ष या शब्दांवर अवलंबून असते. आणि ज्यांनी हे शब्द ऐकले आहेत, पदवीच्या परीक्षेत लिहिले आहेत, ती मुले विश्लेषण शिकताना अमेरिकेतल्या घरांच्या किमती नाहीतर टायटॅनिक जहाजावरील प्रवाशांची यादी सोडवत असतात. सरावासाठी त्यात वावगे काही नाही. पण त्या यादीतील चुकीची नोंद पाहून कुणाच्याही मनात ‘असे कसे होईल?’ ही शंका उठत नाही, कारण ते जहाज आपले नाही. आपल्या तालुक्याच्या पावसाचा आकडा पाहिला की ती उठते. धुळे जिल्ह्याची सरासरी पाहून समाधान मानणाऱ्याला साक्रीच्या पश्चिमेचा डोंगरी पाऊस आणि शिंदखेड्याचा कोरडा पट्टा एकाच आकड्यात मिसळले आहेत हे ठाऊक नसेल, तर तो शिंदखेड्याला पाणी असल्याचे सांगून मोकळा होईल.

केळीचे उदाहरण जरा सविस्तर घ्यायला हवे, कारण जळगावची ओळखच तिच्यावर आहे. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल भागातला शेतकरी केळीसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा घेतो. थंडी किंवा उष्णतेच्या बाबतीत या योजनेत बागेतले नुकसान मोजले जात नाही. महसूल मंडळाच्या हवामान केंद्राने नोंदवलेले तापमान ठरलेल्या मर्यादेच्या खाली किंवा वर गेले का, आणि सलग किती दिवस, एवढेच पाहतात. कल्पना चांगली आहे. पंचनाम्याची ओढाताण टळते, पैसा लवकर मिळू शकतो. पण तिच्यात दोन प्रकारच्या चुका दडलेल्या असतात. एक, बागेचे नुकसान झाले पण केंद्रावर मर्यादा ओलांडली गेली नाही. शेतकरी कोरडा राहिला. दोन, केंद्रावर मर्यादा ओलांडली पण बाग धड होती; पैसे मिळाले, आणि पुढे कधीतरी त्याचा बोजा हप्त्यावर पडतो. पहिल्या चुकीवर मोर्चे निघतात, दुसरीवर चौकशा लागतात. दोन्हींत किती वेळा काय घडले हे मंडळवार मोजून सांगणारे कुणी नाही, म्हणून भांडण वर्षानुवर्षे आवाजावर चालते.

हे मोजणे सोपे नाही आणि इथेच खरा अभ्यास सुरू होतो. केंद्र एका जागी, बागा पसरलेल्या. नदीकाठच्या खोलगट जमिनीतला गारठा आणि गावाजवळच्या उघड्या माळावरचा गारठा सारखा असेल असे गृहीत धरता येत नाही. मृगबाग आणि कांदेबाग यांची लागवड वेगळ्या महिन्यांत, त्यामुळे तीच थंडी एका बागेला निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या, वेळी गाठते आणि दुसरीला रोपांच्या वयात. जुन्या खोडाच्या पिलावर धरलेली पिलबाग आणखी निराळी. घडाचे वजन कमी भरले ते थंडीने की करप्याने की खताचा हात आखडल्याने, हे वेगळे काढल्याशिवाय थंडीला दोष देता येत नाही. ज्याने फक्त संगणकाचा धडा पाहिला आहे तो तापमान आणि वजन यांचा आलेख काढून एक सरळ रेषा ओढेल आणि अहवाल बांधून देईल. त्याच्या शेजारी बागायतदार बसला असेल तर पहिलाच प्रश्न येईल, ‘यातल्या कांदेबागा कोणत्या?’ त्या एका प्रश्नाने रेषेचा उतार बदलू शकतो, चिन्हसुद्धा उलटू शकते. बागायतदाराला अशी रेषा काढण्याचे, म्हणजे समाश्रयणाचे, गणित येत नाही आणि विद्यार्थ्याला निसवण ठाऊक नाही. दोघे एका टेबलाशी बसल्याखेरीज खरे उत्तर निघणार नाही.

धंद्यातही हेच. जिनिंगच्या मालकाचा जीव रुईच्या उताऱ्यावर असतो. क्विंटलभर कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई पडते. बाकी सरकी आणि घट. एखाद्या आठवड्यात उतारा अर्ध्या किलोने खाली आला की मालक बेचैन होतो. कुणी म्हणतो माल ओला आला, कुणी म्हणतो फरदड मिसळली, कुणी मशीनच्या पात्यांकडे बोट दाखवतो, कधी तोलणाऱ्यावर संशय जातो आणि बिचाऱ्याची नोकरी जाते. अर्ध्या किलोचा चढउतार रोजचाच असतो की यामागे खरोखर काही कारण आहे, हे ओळखण्याची रीत वॉल्टर श्यूहार्टने १९२४ मध्येच अमेरिकेच्या टेलिफोन उद्योगात बसवली होती. नियंत्रण-आलेख म्हणतात तो हाच: मधली रेषा, वरची हद्द, खालची हद्द, आणि रोजचा एक ठिपका. महालनोबिसांच्या निमंत्रणावरून श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेला आणि त्यानंतर गुणवत्ता-नियंत्रणाची चळवळ इथल्या कारखान्यांत शिरू लागली. जळगावच्या डाळमिलमधला उतारा, पाइपांच्या जाडीतला फरक, चटईच्या वजनातली तफावत, सगळ्यांना ही एकच रीत लागू पडते. वहीत रोजचा आकडा लिहिलेला असतोच. तो आलेखावर चढवायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही, फूटपट्टी पुरते. पण हद्दीच्या आतल्या ठिपक्यावर कुणाला बोल लावायचा नाही ही शिस्त मालकाच्या अंगी यायला, त्याच्याच बरोबरीच्या दुसऱ्या मालकाने ‘मी करून पाहिले’ असे सांगावे लागते. प्राध्यापकाचे व्याख्यान त्याला पटेल, पण तो ते करणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की नोकऱ्या पुण्यात आहेत, हुशार मुले तिकडे जाणारच, मग इथे असे आकडेवारीचे मंडळ कुणासाठी? अमळनेरचे उदाहरण यात बोलके आहे. २९ डिसेंबर १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदली गेली आणि अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या कितीतरी घरांनी तिचे शेअर जपले आणि त्यांचे भले झाले, ही गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. संपत्ती काही अंशी गावात राहिली. संगणकाची विद्या मात्र बंगळुरूला घडली. याचा दोष कुणाला देण्याचे कारण नाही, उद्योग जिथे माणसे मिळतात तिथे जातात. पण त्यातून हे दिसते की भांडवल आणि कारखाना असूनही, जाणकारांची बैठक नसेल तर विद्या गावात थांबत नाही. मुलांनी पुण्याला जरूर जावे. जी जातात त्यांच्यातल्या अनेकांना गावच्या प्रश्नासाठी महिन्यातला एक रविवार द्यायला आवडेल. आज तो कुणाच्या हाती द्यायचा हेच त्यांना ठाऊक नसते. आणि सगळी जातही नाहीत. आईवडील पाठवत नाहीत अशा मुली आहेत, शेती सांभाळणारे एकुलते मुलगे आहेत, पतपेढीत, बाजार समितीत, सहकारी संस्थेत, रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर काम करणारे लोक आहेत. त्यांच्या हातून रोज आकडे जातात. व्यावसायिक समुदाय म्हणजे फक्त गलेलठ्ठ पगाराच्या विश्लेषकांचा गट ही समजूत टाकून दिली, तर खानदेशात हा समुदाय आधीच आहे. तो एकत्र आलेला नाही एवढेच.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगाल तो प्रोग्रॅम लिहून देते, आलेख काढते, निष्कर्षही सुचवते. मग इतका खटाटोप कशाला? मला वाटते, या साधनांनी मंडळीची गरज वाढवली आहे. प्रोग्रॅम लिहिणे अवघड होते तोवर निदान त्या कष्टात आकड्यांशी ओळख होई. आता उत्तर क्षणात आणि शुद्ध भाषेत मिळते, त्यामुळे ते चुकीचे असण्याची शंकाही येत नाही. कांदेबाग-मृगबागेचा फरक आकड्यांच्या फाइलमध्ये लिहिलेलाच नसेल तर यंत्र तो कुठून आणील? तो माणसाने आणायचा आहे.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा, आणि तो खरा आहे. आमचे आकडे चारचौघांत का उघडे करावे? केळीचा जाहीर भाव आणि बांधावर पडलेला भाव यांत अंतर असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते अंतर किती हे वहीत असते आणि वही कुणी दाखवत नाही. इथे गिनेसचाच दाखला द्यावा लागेल. कंपनीने रहस्य जपले आणि रीत जगाला दिली. मंडळात नाव झाकता येते, भाव निर्देशांकात बदलता येतो, क्विंटलऐवजी प्रमाण सांगता येते. आणि चर्चेचा विषय आकडा नसतो, तो हाताळण्याची पद्धत असते. सुरुवातीला लोक हात आखडता घेतील. एखाद्याला त्याच्या वहीतूनच नुकसान कुठे होते हे दाखवून दिले की दुसरा वही आणेल.

खानदेशाला अशा जागा उभ्या करण्याची सवय नाही असे कुणी म्हणू नये. चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आणि इतर ग्रंथांच्या अभ्यासासाठी पाटण येथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, असे त्यात नोंदले आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, शेवटचा जुन्या मराठीत, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यात पाटणच्या बाजाराने मठाला काय द्यायचे ते लिहिले आहे. विकायला आलेल्या मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारी पट्टी मठाकडे वळवली; जितके घाणे चालतात तितक्यांमागे तेलाची एकेक पळी; आणि तिथे जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजायचे, मापणावळीचा अर्धा वाटा मठाचा. गणित शिकवणारी जागा आणि बाजाराचे माप सांभाळणारी जागा एकच होती. तेली, वाणी, गिऱ्हाईक यांच्या पैशावर लीलावतीकार भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जात होते, आणि त्याच्या मोबदल्यात बाजाराला सर्वांना मान्य असे माप मिळत होते. त्या मठात नेमके किती विद्यार्थी शिकले हे महत्त्वाचे नाही. विद्या आणि बाजार यांनी एकमेकांशी केलेला तो करार महत्त्वाचा आहे. आज बाजाराचे माप विमा कंपनीकडे आहे, सरकारी खात्याकडे आहे, मोबाइलवरच्या अ‍ॅपकडे आहे. खानदेशात ते तपासून पाहणारे स्वतःचे ठिकाण नाही.

अलीकडच्या काळातही उदाहरणे आहेत. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर १९१६ मध्ये प्रताप शेठजींच्या औदार्यावर निघाले आणि भारतभरचे तत्त्वचिंतक त्या लहान गावात येऊन राहिले. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे गेले आणि काही दिवसांतच धुळेकरांनी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभारले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून मिळवलेले कागद जपणे, वाचणे, छापणे हे त्याचे काम. इतिहासाची पदवी घेतलेल्यांचाच तो मेळावा नव्हता. वकील, शिक्षक, सावकार, ज्याला कागदाची गोडी तो आला. माझ्या डोळ्यांपुढे सांख्यिकीचे मंडळ याच घडणीचे आहे. राजवाड्यांच्या मागून लोक दप्तरे धुंडाळत गेले, तसे आता वह्या आणि नोंदी धुंडाळत जायला हवे: जिनिंगच्या उताऱ्याच्या, विहिरींच्या पाणीपातळीच्या, दूध संघाच्या संकलनाच्या, ग्रामीण रुग्णालयातल्या बाह्यरुग्णांच्या.

जळगावच्या विद्यापीठावर, म्हणजे १९९० मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठावर, यात मोठी जबाबदारी येते. तिथे संख्याशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे, जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रकल्प करावा लागतो. तो प्रकल्प या तीन जिल्ह्यांतल्या खऱ्या प्रश्नावर हवा, आणि त्याचे सादरीकरण परीक्षकासमोर होते तसे ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यासमोरही व्हायला हवे, मराठीत किंवा अहिराणीत. समाश्रयण, विश्वासांतर, नमुना-त्रुटी हे सारे बागायतदाराला कळेल अशा शब्दांत सांगता येते का, हीच विद्यार्थ्याच्या समजेची खरी परीक्षा. संख्याशास्त्राचा परिभाषा कोश भाषा संचालनालयाने कधीच करून ठेवला आहे. तो कपाटात राहिला कारण त्या शब्दांत बोलणारी बैठकच नव्हती.

पण विद्यापीठावर सगळे सोपवणे चूक ठरेल. विद्यापीठाचे उपक्रम अधिकाऱ्यांच्या बदल्यांवर आणि अनुदानावर चालतात. मंडळाचा कणा व्यापारी, बागायतदार आणि नोकरदार यांच्या वर्गणीवर उभा राहावा, पाटणच्या पळीभर तेलासारखा. मोठी देणगी एकाच घरातून घेऊ नये, नाहीतर निष्कर्ष त्या घराला सोयीचे निघू लागतील. जिल्हा सांख्यिकी कार्यालयातल्या माणसाला आग्रहाने बोलवावे. समालोचनातील आकडा कसा गोळा होतो आणि त्यात काय काय सुटते हे त्याच्याइतके कुणी सांगू शकणार नाही, आणि त्याला ते विचारायला सहसा कुणी जात नाही. दर बैठकीला एकाने स्वतःचे काम मांडावे, दुसऱ्याने आधीच वाचून त्यातली चूक शोधून यावे. चूक शोधणाऱ्याला मांडणाऱ्याइतकाच मान असावा. या एका नियमावर सगळे तरते किंवा बुडते, कारण आपल्याकडे चर्चासत्रात ‘सुंदर मांडणी’ म्हणून टाळ्या देण्याची रीत आहे, आणि संख्याशास्त्राचा जीव त्या रीतीत गुदमरतो.

पहिले काम कोणते घ्यावे, याविषयी माझे मत ठाम आहे: रावेर आणि यावल तालुक्यांतल्या महसूल मंडळांचे मागच्या पाच हिवाळ्यांचे किमान तापमान आणि त्या मंडळांतल्या निवडक बागांच्या घडांची वजने. बागा निवडताना ओळखीपाळखी नको, सुखात्म्यांच्या रीतीने चिठ्ठी टाकून निवडाव्यात. मृगबाग आणि कांदेबाग वेगळ्या लिहाव्यात. विम्याच्या दोन्ही चुका किती वेळा घडल्या ते मंडळवार मोजावे, मोजण्यातली अनिश्चितताही सोबत लिहावी, आणि सगळा मजकूर आकड्यांसकट मराठीत छापावा, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला तो पुन्हा करून पाहता येईल. निष्कर्ष शेतकऱ्याच्या बाजूने निघाला तर तो जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावा. विमा कंपनीच्या बाजूने निघाला तरीही तसाच छापावा.